दशमान नाण्यांतल्या टाकसाळी चुका: संग्रह लावतानाच्या नोंदी

३ मार्च

संग्रह साधारण पावणेचारशे नाण्यांचा आहे, आणि सगळी नाणी १ एप्रिल १९५७ नंतरच्या दशमान पद्धतीतली. एका डब्यात शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि संस्थानी पैसे निघाले, ते या कामातून बाहेर काढले. हाताने ठोकलेल्या नाण्यात छाप सरकणारच. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पुरी उमटलेली शिवराई मिळाली तर तेच नवल! त्यांना यंत्रावरच्या नाण्यांचे नियम लावण्यात अर्थ नाही.

जुन्या पाकिटांवर ‘रेअर’, ‘एक नंबर एरर’, किंवा नुसता भाव लिहिलेला आहे. पाकीट फेकायचे नाही. नाणे कुठल्या हातातून आले याचा तेवढाच कागद असतो, म्हणून प्रत्येक पाकिटावर मागून पेन्सिलने क्रमांक टाकून ती वेगळ्या डब्यात ठेवायची. यादीत भावाचा रकाना ठेवलेला नाही. चूक टाकसाळीत कोणत्या टप्प्यावर झाली आणि त्याचा पुरावा काय, एवढेच नोंदवायचे. पाकिटावरचे नाव वजनमाप होईपर्यंत बघायचे नाही. नाव आधी वाचले की डोळा तेच शोधत बसतो.

६ मार्च

सामान: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा २०० ग्रॅमचा काटा, तपासायला ५ आणि १० ग्रॅमची वजने, डिजिटल कॅलिपर, १० पट भिंग, लहान निओडायमियम चुंबक, पारदर्शक कोनमापक, नायट्राइल हातमोजे, मान वळणारा एलईडी दिवा.

दोन बारकावे. पंखा चालू असेल तर काट्याचा शेवटचा अंक स्थिर राहत नाही. वजनाच्या वेळी पंखा बंद, आणि दर वीस-पंचवीस नाण्यांनंतर १० ग्रॅमचे वजन ठेवून बघायचे. कॅलिपरचे पोलादी जबडे मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा काढतात. जबड्यांना आतून कागदी टेप लावली, पण टेपची जाडी मापात मिसळते, म्हणून टेप लावल्यावर जबडे मिटून शून्य पुन्हा करायचे.

१० मार्च

आज प्रमाण-तक्ता केला. शेजारी बरोबर माप नसेल तर चुकीचे माप ओळखता येत नाही. रोज लागणारी मापे:

५० पैसे, स्टेनलेस स्टील, १९८८ पासूनचे: २२ मिमी, ३.७९ ग्रॅम
२५ पैसे, गेंड्याचे: १९ मिमी, २.८३ ग्रॅम
१ रुपया, स्टील, १९९२ पासूनचा: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम
२ रुपये, अकरा कोनी, तांबे-निकेल: २६ मिमी, ६.०० ग्रॅम
५ रुपये, तांबे-निकेल, जाड: २३ मिमी, ९.०० ग्रॅम
५ रुपये, स्टील (२००७ च्या सुमाराचे) आणि नंतरचे निकेल-पितळी: दोन्ही २३ मिमी, ६.०० ग्रॅम
१ रुपया, २०११ ची मालिका: २२ मिमी, ३.७९ ग्रॅम
२ रुपये, २०११ ची मालिका: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम

तक्ता समोर आल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. २०११ च्या मालिकेतला रुपया मापाने जुन्या पन्नास पैशांएवढा आहे आणि नवे दोन रुपये जुन्या रुपयाएवढे. धातूही तोच. म्हणजे नव्या दोन रुपयांचे नाणे ‘जुन्या रुपयाच्या चकतीवर’ (छाप पडण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यावर) पडले आहे असा दावा कोणी केला तर तो सिद्धही करता येणार नाही आणि खोडताही येणार नाही. असे दावे यादीत घ्यायचे नाहीत. नव्या दोन रुपयांचे नाणे नव्या रुपयाच्या चकतीवर पडले असेल, तर मात्र काटा ३.७९ च्या आसपास दाखवेल, चकती कॉलरमध्ये (ठोक्याच्या वेळी तिच्याभोवती असणाऱ्या पोलादी कडीत) ढिली राहिल्याने गोलाई बिघडेल आणि काठावरची अक्षरे एका बाजूला कापली जातील. तिन्ही खुणा एकत्र हव्यात. चुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण दोन्ही चकत्या फेरिटिक (चुंबकाला चिकटणाऱ्या) स्टीलच्या आहेत .

अकरा कोनी नाण्यात समोरासमोर दोन कडा येत नाहीत. कोपऱ्यासमोर कड येते. कॅलिपर कोपरा ते समोरच्या कडेचा मध्य असा धरायचा. सहज धरला तर प्रत्येक वेळी वेगळे माप येते आणि धडधाकट नाणे ‘ब्रॉडस्ट्राइक’ (कॉलरशिवाय ठोकल्याने पसरलेले) ठरते.

१५ मार्च

क्रमांकाची पद्धत ठरवली. आधी विचार असा होता की क्रमांकातच चुकीचा प्रकार घालावा: चकतीसाठी च, ठशासाठी ठ, ठोक्यासाठी क. तो सोडून दिला. नाण्याचा वर्ग पुढे बदलू शकतो, आणि वर्ग बदलला की फोटो, पाकीट, होल्डर सगळीकडचा क्रमांक बदलावा लागतो. आता १ पासून सरळ क्रमांक; एकदा दिलेला पुन्हा कोणाला द्यायचा नाही, नाणे संग्रहातून गेले तरी. वर्ग वेगळ्या रकान्यात.

रकाने: क्रमांक, मूल्य, साल, टाकसाळ, धातू, वजन, व्यास (दोन काटकोनी दिशांनी), जाडी, चुंबक, टप्पा (चकती / ठसा / ठोका), प्रकार, पुरावा, खात्री (पक्की / बहुधा / अनिर्णित), फोटो, जागा. ‘पुरावा’ हा रकाना सर्वांत रुंद ठेवला आहे, आणि तो रिकामा असेल तर ‘खात्री’मध्ये पक्की लिहायला मनाई.

स्प्रेडशीटमध्ये वजन देवनागरी अंकांत टाकले तर बऱ्याचदा ते मजकूर धरले जाते आणि सरासरी निघत नाही. आकडे इंग्रजी अंकांत, मजकूर मराठीत. क्रमांकाचा रकाना आधीच ‘मजकूर’ करून ठेवायचा, नाहीतर ००७ चे ७ होते.

२२ मार्च

चकतीच्या चुका: क्लिप. धातूच्या पट्टीतून चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढचा पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच येते. पट्टीच्या टोकाशी पडला तर खाच सरळ किंवा ओबडधोबड येते.

खरी क्लिप ओळखायची खूण खाचेत नसते, ती समोरच्या बाजूला असते. चकतीचा काठ उचलण्यासाठी ती दोन पृष्ठांमधून दाबत फिरवतात. खाच एका पृष्ठासमोर आली की त्या क्षणी तिच्या बरोबर समोरच्या काठावर दाबच येत नाही आणि तिथला काठ उचललाच जात नाही. नाणे पडल्यावर खाचेच्या थेट समोर काठ बसका आणि अक्षरे फिकी दिसतात. जगभरचे संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानसीने नंतर खाच पाडलेल्या नाण्यात समोरचा काठ ठणठणीत असतो.

दुसरी खूण खाचेजवळच्या अक्षरांत आहे. चकती आधीच अपुरी होती म्हणून ठोका पडताना धातू खाचेकडे ओढला जातो आणि अक्षरे त्या बाजूला ताणली गेल्यासारखी, निमुळती होतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर मधोमध चिरलेले मिळते.

नोंदीत खाचेची टक्केवारी वजनावरून. तांबे-निकेलचे पाच रुपयांचे नाणे ८.२८ ग्रॅम भरले: ९.०० मधून ०.७२ कमी, म्हणजे ८ टक्के. नजरेने १५ टक्के वाटते. खाच नेहमीच मोठी वाटते. समोरचा परिणाम प्रत्येक खऱ्या क्लिपवर तितकाच ठळक नसतो, लहान खाचेत तो अगदी पुसट असतो. म्हणून तो नसला म्हणजे खोटे असे लगेच लिहायचे नाही, तिथे ‘बहुधा’.

३० मार्च

हलकी नाणी. पाकिटांवर ‘थिन प्लँचेट’ लिहिलेली बरीच आहेत. पट्टी पातळ लाटली गेली तर चकती पातळ निघते, हे खरे. पण पातळ चकतीचे नाणेही कॉलरमध्येच पडते, आणि व्यास ती कडी ठरवते. तेव्हा खऱ्या पातळ नाण्याचा व्यास पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण असतो, जाडी कमी असते आणि उठावाचे उंच भाग नीट भरलेले नसतात.

आम्लात बुडवलेले नाणे सगळ्या बाजूंनी झिजते: जाडीही कमी, व्यासही कमी, पृष्ठभाग दाणेदार, अक्षरे बारीक झालेली. अकरा कोनी दोन रुपयांत २६ च्या जागी २५.४ मिमी आणि वजन ५ ग्रॅम असले की पुढे भिंगही लागत नाही. असे तुकडे ‘टाकसाळीबाहेरचे नुकसान’ या वर्गात. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे यावर २०११ च्या नाणे कायद्यात बंदी आहे, त्यामुळे असा माल ‘बनवून’ विकणाऱ्यांचे धाडस वेगळेच.

लॅमिनेशन म्हणजे धातूचा पापुद्रा सुटणे. नाणी चिमट्याने न धरता दोन्ही कडांवर बोटांनी उचलायची. पापुद्रा गळला तर तोही छोट्या पिशवीत, त्याच क्रमांकाने.

७ एप्रिल

ठोक्याच्या चुका. इथे सर्वाधिक माल आणि सर्वाधिक बनवाबनवी.

ऑफ-सेंटर (छाप मध्यावर न पडता सरकलेली): कोऱ्या राहिलेल्या चंद्रकोरीची सर्वांत रुंद जागा मोजायची आणि प्रमाण व्यासाने भागायचे. पन्नास पैशांवर ३.३ मिमी कोरे, २२ ने भागले की १५ टक्के. दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायची: ‘छाप ४ कडे सरकलेली’. वजन पूर्ण हवे, कारण चकती पूर्ण आहे, फक्त जागेवर नव्हती. ऑफ-सेंटर नाण्याचे वजन कमी भरले तर थांबायचे.

साल दिसत असेल तर तसे स्पष्ट लिहायचे. साल कोऱ्या बाजूला गेले असेल तर धातू, वजन आणि सिंहमुद्रेची घडण यांवरून मालिकेपर्यंत पोचता येते, सालापर्यंत नाही. अंदाजाचे साल टाकायचे नाही.

ब्रॉडस्ट्राइक: ठोका मध्यभागी, पण कॉलर जागेवर नव्हती. धातू पसरतो, व्यास वाढतो, कड गुळगुळीत आणि किंचित गोलसर. हातोडीने पसरवलेल्या नाण्यात अक्षरांचे माथे चपटे होतात आणि कडेला सपाट ठोके दिसतात. कॉलर अर्धवट वर आलेली असेल तर कडेवर पायरी येते. ही नाणी आडवी ठेवून कडेचा फोटो घेतला नाही तर नोंदीला काही किंमत नाही.

ब्रोकेज: पडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर तेच ठशाचे काम करते. नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीची छाप, दुसऱ्या बाजूला तीच छाप आरशातली आणि खोल गेलेली. चिकटलेले नाणे ताजे असेल तर प्रतिमा लख्ख आणि मूळ आकाराची. अनेक ठोके खाऊन पसरले असेल तर प्रतिमा मोठी, धूसर होते.

याची नक्कल व्हाइसमध्ये दोन नाणी आवळून करतात. फरक असा: दाबलेल्या नाण्यावर खोल गेलेल्या अक्षरांच्या खाली त्या बाजूची मूळ छाप चेपलेल्या रूपात शिल्लक असते. खऱ्या पूर्ण ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ छाप कधी पडलेलीच नसते. भिंगाखाली सिंहाच्या पायथ्याजवळची जागा बघायची. तिथला उठाव दाट असतो आणि चेपूनही पुरता जात नाही. एका पन्नास पैशांवर उलट्या ‘भारत’च्या वेलांटीसारख्या दिसणाऱ्या रेषेतून मूळ बाजूच्या आकड्याची पोटगोलाई सरळ दिसते. वर्ग: नुकसान.

१६ एप्रिल

ठशाचे फिरणे. आपल्या नाण्यांची दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला असतात: पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटले की मागची बाजूही उभीच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर एक ठसा फिरलेला.

मोजायची रीत: नाणे पारदर्शक फ्लिपमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात) ठेवायचे, सिंहस्तंभाच्या मधल्या सिंहापासून खाली सरळ रेघ फ्लिपवर मार्करने आखायची, आणि पान उलटल्यासारखे उलटून मागच्या आकड्याचा उभा अक्ष कोनमापकाने त्या रेघेशी मोजायचा. कोन मागील बाजू समोर ठेवून, घड्याळाच्या दिशेने, ५ अंशांच्या टप्प्यात. याहून बारीक आकडा लिहिण्याएवढी ही पद्धत नेमकी नाही. १५ अंशांच्या आतले फिरणे इतके सर्रास सापडते की त्याला चूक म्हणून क्रमांक देत नाही. ‘मांडणीत किंचित फरक’ एवढी टीप पुरते. यामुळे बरीच नाणी यादीतून गळाली आणि डबा हलका झाला.

२५ एप्रिल

ठशाच्या चुका आणि टाकसाळीची खूण, दोन्ही एकत्र, कारण गफलत तिथेच होते.

खुणा सालाखाली: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूण नसते. १९८५ च्या रुपयावर सालाखाली ‘एच’ असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे, १९८८ च्या पन्नास पैशांवर ‘सी’ असेल तर कॅनडाचे. ‘एच’ आणि ‘सी’ला चूक समजून आलेली पाकिटेही आहेत. ती नियमित नाणी.

ठशाच्या खोलगट भागात वंगण आणि धातूची पूड साचली की तेवढा भाग नाण्यावर उमटत नाही. सालाखालचा हिरा असा बुजला तर मुंबईचे नाणे कोलकात्याचे दिसते. तिरक्या प्रकाशात सालाखालची जागा बघायची: बुजलेल्या खुणेच्या जागी अगदी हलका फुगवटा उरतो, आणि सालाचे शेजारचे आकडेही फिके असतात. सगळे साल करकरीत आणि खालची जागा सपाट असेल तर ते कोलकात्याचेच. झिजलेला हिरा गोल होऊन नोएडाचा ठिपका वाटतो; अशा वेळी नाण्याचा इतर भाग किती झिजला आहे ते बघायचे. बाकी नाणे चांगले आणि खूणच गोल, तर नोएडा.

भेग: ठशाला तडा गेला की तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो. डावीकडून दिवा धरला की उंच रेघेची डावी बाजू चमकते आणि उजवीकडे सावली पडते, ओरखड्यात उलट. दिवा फिरवून दोनदा बघायचे, कारण उठावाचा भ्रम डोळ्याला सहज होतो. काठाजवळ ठशाचा तुकडाच उडाला तर तिथे बेढब, छापरहित गाठ येते. तिच्या समोरच्या बाजूला, त्याच जागी, छाप फिकी असायला हवी, कारण धातू गाठ भरण्यात गेलेला असतो.

दुहेरी अक्षरे: ठोक्यानंतर ठसा थरथरून घासला तर अक्षराला सपाट, बसकी पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होते. असे प्रत्येक पोत्यात सापडेल. ठसाच दुहेरी घडला असेल तर दोन्ही प्रतिमा गोलसर, भरीव असतात आणि अक्षरांच्या टोकांत स्पष्ट फट दिसते. संग्रहातली ‘डबल डाय’ लिहिलेली नाणी बहुतेक पहिल्या प्रकारची.

८ मे

दहा रुपये. दोन धातूंच्या नाण्यात कडी आणि गाभा एकत्र ठेवून एकाच ठोक्यात छाप पडते आणि त्याच ठोक्यात ते एकमेकांत अडकतात. एवढे लक्षात ठेवले की निम्मे प्रश्न सुटतात. ‘गाभा कडीच्या मानाने फिरलेला’ ही चूक टाकसाळीत होऊच शकत नाही, कारण सिंहस्तंभ आणि कडीवरचा ‘भारत’ दोन्ही एकाच ठशावर कोरलेले असतात. असे नाणे दिसले की गाभा ठोकून बाहेर काढून पुन्हा बसवलेला आहे.

गाभ्याशिवाय पडलेली कडी खरी असू शकते. तिथे धातूला आत पसरायला मोकळीक मिळते, म्हणून भोकाची आतली कड आत आलेली आणि गोलसर असते. गाभा नंतर काढला असेल तर आतली भिंत उभी राहते आणि गाभा घट्ट बसल्याची खूण तिच्यावर दिसते. गाभा एका बाजूला सरकलेला असेल तर छाप कडी-गाभ्याच्या सांध्यावरून अखंड जाते का ते बघायचे. अखंड असेल तर खरी.

नाण्यावरच्या रेघा मोजून खरे-खोटे ठरवण्याचा ‘दहा रेघा’ आणि ‘पंधरा रेघा’ हा वाद इथे आणायचा नाही. रुपयाचे चिन्ह असलेल्या नाण्यावर दहा, चिन्ह येण्यापूर्वीच्यावर पंधरा. दोन्ही अधिकृत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहा रुपयांच्या तोपर्यंतच्या सर्व १४ नमुन्यांना वैध म्हटले आहे.

२० मे

फोटो. मोबाइल स्टँडला, नाणे करड्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी. स्टील आरशासारखे चमकते. दिव्यापुढे बटर पेपर धरला की चमक मरते, पण सावलीही मरते. म्हणून प्रत्येक बाजूचे दोन फोटो: एक बटर पेपरमधून, एक उघड्या दिव्याने १० वाजताच्या दिशेने, कमी उंचीवर. कडेचा तिसरा, गरज असेल तेव्हा. मोबाइलचे आपोआप ‘सुधारणे’ बंद करायचे. ते भेगेचा काठ इतका तीक्ष्ण करते की ओरखडा वाटतो. फाइलचे नाव: क्रमांक, बाजू, प्रकाश.

१४ जून

पाऊस सुरू झाला, साठवण त्याआधी व्हायला हवी होती तशी झाली आहे. जुनी मऊ पीव्हीसीची पाकिटे सगळी बाद. त्यांतून सुटणाऱ्या पदार्थामुळे तांबे-निकेलवर हिरवट चिकट थर येतो. थर आलेली नाणी शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत, खिडकी उघडी, गॅस बंद; काही मिनिटांनी उचलून दुसऱ्या ताज्या वाटीत बुडवून हवेवर सुकवायची. पुसायचे नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांचे नावही नको.

आता मायलारच्या (पारदर्शक प्लास्टिक फिल्मच्या) खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर. पसरलेली आणि ऑफ-सेंटर नाणी प्रमाण खिडकीत मावत नाहीत, त्यांना एक माप मोठी; ब्रोकेजसाठी कडक कॅप्सूल. स्टेपल पक्कडीने चपटे करायचे, नाहीतर शेजारच्या होल्डरमधले नाणे ओरखडते, आणि कोकणाच्या हवेत ते गंजतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर बघायचे. प्लायच्या ड्रॉवरऐवजी रंग दिलेले लोखंडी कपाट. पाच पैशांचे चौकोनी आणि वीस पैशांचे षटकोनी ॲल्युमिनियम सर्वांत नाजूक, दमटपणात पांढरी पूड सुटते. ती हवाबंद डब्यात, नारिंगी सिलिका जेलसह. जेल हिरवे झाले की ओटीजीत ११०–१२० अंशांवर दोन तास.

२९ जून

‘अनिर्णित’ ट्रेमध्ये उरलेल्यांत २००९ पासूनच्या पाच रुपयांची पांढरी नाणी आहेत. दावा असा की पितळी मालिकेचा ठसा स्टीलच्या चकतीवर पडला. वजन दोन्ही धातूंत ६.०० ग्रॅम, व्यास २३ मिमी, त्यामुळे काटा आणि कॅलिपर इथे मुके. चुंबकही फसवतो: पितळी नाण्यावर निकेलचा मुलामा दिला असेल तर तेही थोडे ओढले जाते. ओढ किती, हे बघायचे. स्टील चुंबकाला टप्पकन चिकटते. मुलाम्याचे नाणे नुसते रेंगाळते.

पक्के करायला पाण्यातले वजन. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचे, नाणे बारीक नायलॉन दोऱ्याने पूर्ण बुडवायचे, तळाला किंवा भिंतीला टेकू द्यायचे नाही. काटा जेवढे दाखवेल तेवढ्या वजनाचे पाणी नाण्याने बाजूला सारले. स्टीलची घनता ७.७ च्या आसपास, म्हणून ६.०० ग्रॅमला ०.७८ यायला हवे, निकेल-पितळेची ८.६ च्या आसपास, म्हणून ०.७०. फरक ०.०८ ग्रॅम, या काट्याला तो कळतो. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि पितळ स्टीलच्या दिशेने सरकते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि प्रत्येक नाणे तीन वेळा बुडवून मधला आकडा घ्यायचा.

०.७० च्या जवळ आलेली सगळी ‘मुलामा, टाकसाळीबाहेर’ या वर्गात गेली. एका नाण्याचा आकडा ०.७७ आहे आणि ते चुंबकाला घट्ट चिकटते. त्याच्या कडेचा आणि सालाचा फोटो पुन्हा घ्यायचा आहे, कारण साल २००९ ऐवजी २००८ वाचता येईल अशी शेवटच्या आकड्यावर झीज आहे. २००८ असेल तर ते साधे स्टीलचेच नाणे.